दारूच्या टेबलावरची भाकर

(साखरा, जि. हिंगोली येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला इथं बोलावलंय ते बचत गटाच्या कामाबद्दल बोलायला. पण गेल्या दोन महिन्यांत गावात माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते माझ्या कानावर आलंय. "पोरगी पुण्याला गेली आन् दारूच्या टेबलावर भाकर वाढायली." हे वाक्य माझ्या सख्ख्या आत्याचं आहे आणि आत्या समोर पहिल्याच रांगेत बसली आहे. तेव्हा आधी त्याचं बोलते, बचत गटाचं नंतर.

खरं आहे. वाढली. मी आणि माझ्याबरोबरच्या पाच बायांनी. आम्ही सहाजणी पुण्यात डबे करतो, सणावारी पुरणपोळ्या करतो, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा आला. म्हणाला, आमच्याकडे बिअर आणि जेवण यांची जोडी लावण्याचा कार्यक्रम असतो, या वेळी मराठवाड्याचं जेवण हवंय. मी आधी नाहीच म्हणाले. ज्या पोरीनं याच गावात, याच आत्याच्या मागं उभं राहून हातभट्टीची मडकी फोडली, तिनं हे काम घ्यायचं? आमच्यातल्या एकीचा नवरा दारूनं गेलाय. पण होय म्हणाली ती तीच. तिच्या मुलीची फी भरायची होती. तिच्यापुढं मला तत्त्व सांगता आलं नाही.

ही गोष्ट काय आहे ते आधी समजून घेऊ, कारण न पाहता विरोध करायची आपल्याला सवय आहे. पुण्यात बिअर जागच्या जागी, लहान प्रमाणात तयार करणारी ठिकाणं आहेत. २००९ मध्ये डूलाली नावाचं एक सुरू झालं, मग आणखी बरीच झाली. डूलाली हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहत, आणि त्यात त्यांची डोकी फिरत. म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला तो शब्द पडला. असो. अशा ठिकाणी चाखण्याचे कार्यक्रम होतात. चार-पाच लहान पेले, प्रत्येकाबरोबर एक पदार्थ, आणि एकजण उभा राहून सांगतो की कशाबरोबर काय का लागतं. आम्हाला बोलावलं त्यांचं नाव मी घेत नाही. डूलाली ते नव्हे, एवढं सांगते.

त्या मुलानं आम्हाला आदल्या दिवशी यादी दिली. पहिली बिअर गव्हाची, तिच्यात धने आणि संत्र्याची साल घातलेली. दुसरी कडू. तिसरी तांबूस, जराशी गोडसर. चौथी काळी, भाजलेल्या जवाची, कॉफीसारख्या वासाची. कडू बिअरसमोर त्यानं लिहिलं होतं, ठेचा आणि भाकरी. मी म्हटलं, दादा, हे जमणार नाही. तो म्हणाला, ताई, तुम्ही बिअर पिता का? मी म्हटलं, पीत नाही, पण कारल्याच्या भाजीत मिरची वाढवली की काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यानं ऐकलं नाही. कार्यक्रमात दुसऱ्या पेल्याला अर्ध्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी.

नंतर त्यानंच मला कारण समजावलं. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तो तेलातुपात विरघळतो, दुधादह्यानं शांत होतो. बिअरमध्ये शंभरात चार-पाच भाग मद्यार्क, बाकी बहुतेक पाणीच. म्हणजे तिखट धुतलं जात नाही. वर तिच्यातले बुडबुडे पोळलेल्या जिभेला चुरचुरतात आणि कडूपणा तो जाळ आणखी वाढवतो. तिखटाला गोडसर बिअर पाहिजे. पुढच्या वेळी ठेचा तिसऱ्या पेल्यासमोर गेला, आणि लोकांनी भाकरी मागून घेतल्या. कडवट बिअरसमोर आम्ही तळलेले धपाटे ठेवले, कारण कडूपणा आणि बुडबुडे जिभेवरचा तेलकटपणा काढतात. काळ्या बिअरला चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. वांग्याची करपलेली साल आणि भाजलेला जव, दोन्हींचा वास एका घराण्यातला. शेवटी त्याच पेल्यासमोर गूळशेंगदाण्याची चिक्की.

या विषयावर इंग्रजीत जाडजूड पुस्तकं आहेत. मायकेल जॅक्सन नावाच्या एका इंग्रजानं, गाणारा नव्हे, दुसरा, १९७७ मध्ये जगभरच्या बिअरवर पुस्तक लिहिलं. गॅरेट ऑलिव्हर या अमेरिकन माणसानं २००३ मध्ये जेवणाशी जोडी लावण्यावर लिहिलं. त्यांचा सगळा हिशेब हा की एक चव दुसरीला जुळते, एक दुसरीला कापते, एक दुसरीला उठाव देते. मैत्रिणींनो, आपण ताट वाढतो तेव्हा दुसरं काय करतो? डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. पुरणपोळीशेजारी झणझणीत कटाची आमटी. तेलाची तर्री असली की कांदा आणि लिंबू. कुणी शिकवलं? कुणाच्या नावावर आहे हे ज्ञान? त्या रात्री माइक हातात धरून जो बोलला त्याला तज्ज्ञ म्हणाले. ज्यांनी सांगितलं की ठेचा दुसरीकडे सरकवा, त्या मागच्या दारानं आत आल्या आणि मागच्या दारानंच गेल्या.

पैशाचंही सांगते. माणशी अठराशे रुपये तिकीट, चाळीस माणसं. आम्हाला सामान आणि मजुरी मिळून नऊ हजार ठरले होते. सहाजणींचं दोन दिवसांचं काम. ते पैसे सात आठवड्यांनी मिळाले, आणि वर "नऊवारी नेसून आलात तर फोटो बरे येतील" असा निरोप होता. आत्या, मला राग आला तो इथं आला. दारू वाढल्याचा आला नाही, हे तुला खरंखरं सांगते.

आता बिअर कशी होते ते ऐका. जव, म्हणजे आपण ज्याला सातू म्हणतो, तो भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, थोडा भाजायचा, भरडायचा, गरम पाण्यात ठेवायचा. मोड आल्यानं पिठाची साखर होते. मग विरजण लावावं तसं यीस्ट लावायचं. लेकरासाठी नाचणीचं सत्त्व ज्यांनी केलंय त्यांना यात पहिली पायरी ओळखीची वाटेल. उगीच नाही, जगात बहुतेक ठिकाणी हे काम बायकांचंच होतं. मेसोपोटेमियात बिअरची देवता निनकासी, ती बाई. इंग्लंडात सातशे वर्षांपूर्वी खेडोपाडी बायका घरी बिअर करून दारात विकत. ज्युडिथ बेनेट या अभ्यासक बाईनं १९९६ मध्ये त्यावर सबंध पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की धंद्यात भांडवल आलं, संघ आले, तसतशा बायका मागं ढकलल्या गेल्या. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घातली की पेय टिकतं, हे बाराव्या शतकात लिहून ठेवणाऱ्यांत हिल्डेगार्ड ही जर्मन जोगीण होती. टिकायला लागलं म्हणून ते दूर पाठवता आलं, दूर गेलं म्हणून मोठा व्यापार झाला, आणि मोठ्या व्यापारात बाईचं नाव राहिलं नाही.

आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते. दक्षिण आफ्रिकेत बायका ज्वारीची बिअर घरी करत. ज्वारीचीच, आपल्या रानातल्यासारखी. दरबान शहराच्या नगरपालिकेनं गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच ती विकायचा मक्ता स्वतःकडे घेतला. बायकांच्या घरावर पोलिसांच्या धाडी, मडकी फुटायची, आणि त्यांचे नवरे नगरपालिकेच्या गुत्त्यात मजुरी उडवायचे. १९५९ च्या जूनमध्ये कॅटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन त्या गुत्त्यांत शिरल्या. त्या एकाच वेळी दोन गोष्टी म्हणत होत्या. आमच्या घरची मजुरी तुमच्या गल्ल्यात जाऊ देणार नाही. आणि आमचं करण्याचं काम आमच्याकडून हिसकावू देणार नाही. मी ते वाचलं तेव्हा आपण फोडलेली मडकी आठवली. ती कुणाची होती? दोन भट्ट्या विधवा बायांच्या होत्या, आठवतंय ना? त्यांचं पुढं काय झालं ते आपण कधी विचारलं नाही.

याचा अर्थ आपण चुकलो असं मी म्हणत नाही. १९९२ मध्ये नेल्लोरच्या दुबगुंटा गावातून बायका उठल्या आणि आंध्रात सरकारला देशी दारू बंद करावी लागली. आपल्याकडे श्रमिक एल्गारच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. २०१५ मध्ये चंद्रपूरला दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठवलीही. आपल्या राज्यात आडवी बाटली, उभी बाटली असं मतदान आहे, पण यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी बाई त्या दिवशी ऊस तोडायला गेलेली असते तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला धरल्यासारखं होतं. देशपातळीवरच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ ची ती, असं निघालं की नवरा वारंवार झिंगून येतो अशा शंभर बायकांत सुमारे ७० जणींनी नवऱ्याचा मार खाल्लेला किंवा जबरदस्ती सोसलेली असते. जिथं नवरा पीतच नाही तिथं सुमारे २३. सत्तरचा आकडा आपल्याला ठाऊक होता. तेवीसचा विसरू नका. त्यांच्या नवऱ्यांना कोणती बाटली आडवी करायची?

आणि सरकारचं बघा. २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण याच राज्यात आलं. रेशनवर ज्वारी मिळत नव्हती, त्या काळात. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा निर्णय झाला. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल असं सांगितलं. विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. एकाच घोटाला शहरात चव म्हणतात, खेड्यात व्यसन म्हणतात. पुण्याच्या त्या हॉलमध्ये निम्म्या मुली होत्या. पेला नाकाशी धरून वास घेत होत्या, चर्चा करत होत्या. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. एकटीनं बसून प्यायची मोकळीक त्यांनाही सहज मिळालेली नाही. दिल्लीत तर दारू दिली जाते तिथं बाईला कामच करू द्यायचं नाही असा १९१४ चा कायदा होता, तो सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये रद्द केला. बाईच्या संरक्षणाच्या नावाखाली तिची रोजीरोटी काढता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आपल्या राज्यानं २००५ मध्ये डान्स बार बंद केले तेव्हा हजारो बायका रस्त्यावर आल्या, त्यांना कुणी काम दिलं? पण त्या हॉलमधली मुलगी दहाला टॅक्सीनं घरी जाते, आणि आपल्याकडची बाई दहाला दाराची कडी लावून ऐकत बसते की पावलं कशी पडतायत. या दोघींची गाठ मला कुठंतरी घालून द्यायची आहे, ती अजून जमलेली नाही.

आत्या, तू परवा विचारलंस, मग पुन्हा जाणार का? आमच्या सहाजणींत दोन मतं आहेत. एक येणार नाही म्हणाली, आणि आम्ही तिच्यावर जोर केला नाही. त्या दिवसाचे डबे ती करेल, वाटा सारखा. बाकीच्या जाणार, पण कागद करून. निम्मे पैसे आधी, उरलेले त्याच रात्री. पुढच्या दारानं आत जाणार. नेसायचं काय ते आम्ही ठरवणार. पदार्थाबरोबर तो करणाऱ्या बाईचं नाव लिहिलेलं असेल, आणि ठेच्याबद्दल माइकवर आमच्यातली एक बोलेल. ज्वारी आणि भुईमूग या गावच्या गटाकडून घेणार, बाजारभावानं, उधारीवर नाही. त्या कागदाची नक्कल मी आणली आहे, ती वाचून घ्या. ज्यांना या पैशाची ज्वारी विकायची नाही त्यांनी तसं उघड सांगावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

आत्या मान हलवायली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला इथून कळत नाही. जेवताना भांडू. आता बचत गटाकडे वळते. मागच्या तिमाहीची वही कुणाकडे आहे?