अनुदानाचा पंक्तिप्रपंच

(डिचोली येथील पालकसभेत केलेले भाषण)



चोर्ला घाट उतरून आम्ही आलो ते सीमाप्रश्नाचे गाऱ्हाणे गाण्यासाठी नव्हे. मराठी शाळेपायी सरकारदरबारी उंबरे झिजविणारी आम्ही बेळगावची माणसे. आपले दुखणे आम्हांस निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पोर्तुगीज अमदानीत पेडणे-डिचोलीच्या मराठी शाळा लोकवर्गणीवर जगल्या. कोठे देवळाच्या अग्रशाळेत, कोठे कुणाच्या पडवीत वर्ग भरत. मुक्तीनंतर १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडल्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा पक्ष हरला. शाळा मात्र राहिल्या.

१९९० साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी दंडक घातला की, प्राथमिक शाळेचे अनुदान मराठी वा कोंकणी माध्यमासच मिळेल. दंडक कडक खरा, पण सर्वांना एकच! चर्चच्या कित्येक शाळांनी त्यानुसार कोंकणी माध्यम स्वीकारले. २०११ साली सरकारने इंग्रजीस तिजोरीचे दार उघडले, तेव्हा त्याच शशिकलाताई भारतीय भाषा सुरक्षा मंचातून रस्त्यावर उतरल्या. २०१२ साली सरकार बदलले आणि तोडगा निघाला तो असा: अल्पसंख्याक संस्थांच्या चालू इंग्रजी शाळांचे अनुदान कायम, नव्या इंग्रजी शाळांस मात्र नाही.

इंग्रजी अमृत की विष, हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. दोन मुले इंग्रजीतूनच शिकतात. एकाच्या शिक्षकाचा पगार तिजोरीतून, दुसऱ्याची फी बापाच्या खिशातून. भेद मुलाच्या गरजेवरून नव्हे, शाळेचा चालक कोण यावरून! आणि सरकारचेच ऐकून मातृभाषेची शाळा धरणारे तिसरे मूल? तेथे पट घटला की शिक्षक घटतो, एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, ते पाहून आणखी एक पालक पोर काढून नेतो आणि पट पुन्हा घटतो. शेवटी सरकार म्हणते, मुलेच नाहीत, शाळा मिटवा! उपाशी ठेवून मग अशक्त म्हणायचे, अशातलाच हा प्रकार.

माध्यमाची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्या खटल्यात सांगितले. सक्ती आम्ही मागतच नाही. आमच्या चळवळीतील कित्येकांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. हे आम्हांस तोंडावर विचारणारा प्रत्येक सभेत भेटतो आणि तो चुकत नाही. परंतु ज्याला फी परवडते त्याला निवड असते. ज्याला परवडत नाही, त्याच्या वाट्याची सरकारी शाळा तरी धड हवी. म्हणून आमची मागणी दोन ओळींची आहे: अनुदानाचा नियम सर्व संस्थांना एक; आणि पट कितीही असो, मराठी-कोंकणी शाळेत दर इयत्तेस एक शिक्षक.

येत्या अंदाजपत्रकापूर्वी पेडणे व डिचोली तालुक्यांतील शाळाशाळांचा पट आणि शिक्षकसंख्या कागदावर उतरवा. तो कागद आपापल्या आमदाराच्या हाती द्या, आणि पोच घेतल्यावाचून परतू नका.