शर्ली जॅक्सन यांचे गाव आणि त्यांचे वाचक

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

26 जून 1948 च्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' ही कथा छापून आली. त्या उन्हाळ्यात व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहानशा गावी त्यांच्या नावाने इतकी पत्रे येऊ लागली, की टपाल कचेरीतली त्यांची पेटी पुरेना. मोठी घ्यावी लागली. पुढे एका व्याख्यानात जॅक्सन यांनी या पत्रांचा हिशेब दिला. पत्रे तीनशेहून अधिक. त्यांत बरे बोलणारी तेरा, आणि तीही बहुतेक ओळखीपाळखीच्यांची. खुद्द आईनेही कथा आवडली नसल्याचे कळवले होते.

असे काय होते त्या कथेत? तीनेकशे वस्तीचे एक गाव. जूनची 27 तारीख, स्वच्छ ऊन. पोरे खिशात गोटे भरताहेत, पुरुष पाऊसपाणी आणि ट्रॅक्टरबद्दल बोलताहेत. चौकात तिवईवर एक जुनी, टवके उडालेली काळी पेटी ठेवलेली. दरवर्षीप्रमाणे घराघरातून चिठ्ठ्या उचलल्या जातात. टेसी हचिन्सन ही बाई भांडी घासता घासता तारीख विसरलेली. पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसत ती धावत येते, शेजारणीशी हसते. काळा ठिपका तिच्याच चिठ्ठीवर निघतो. मग शेजारीपाजारी, घरचे, सगळे मिळून तिला दगडांनी मारतात. तिच्या धाकट्या डेव्हीच्या मुठीतही कोणीतरी चार खडे ठेवते. खडे कोणी ठेवले, हे सांगण्याची लेखिकेला गरज वाटलेली नाही. कथेतले सर्वांत भयंकर वाक्य तेच.

आलेल्या पत्रांत जॅक्सन यांना तीन सूर ऐकू आले: गोंधळ, तर्कवितर्क आणि सरळसरळ शिवीगाळ. अनेकांनी वर्गणी बंद करण्याची धमकी दिली. कॅनडातल्या एकाने तर बाईंनी आमच्या देशात पाऊल टाकू नये, असे बजावले. त्या काळी 'न्यू यॉर्कर'मध्ये कथा कोणती आणि वृत्तलेख कोणता, हे ठळकपणे छापत नसत. त्यामुळे कित्येकांना हे खरेच कुठेतरी घडते असे वाटले. पण जॅक्सन यांना हादरा बसला तो वेगळ्याच पत्रांनी. ही सोडत नेमकी कुठल्या गावात होते आणि ती बघायला जाता येईल का, अशी चौकशी काही जणांनी केली होती. शिव्या देणाऱ्या वाचकाला निदान आपल्याला काहीतरी लागले हे कळले होते. या माणसांना चौकातली जागा हवी होती.

एक आक्षेप मात्र वजनदार होता. प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ ए. एल. क्रोबर यांना कथेचा राग आला. अशी प्रथा समाजात मान्य कशी होते, ती रुजते कशी, हे लेखिका सांगतच नाही, असे त्यांचे म्हणणे. ही आठवण त्यांच्या कन्येने, म्हणजे कादंबरीकार अर्सुला ले ग्विन यांनी सांगितली आहे. शास्त्रज्ञ म्हणून क्रोबर चुकत नव्हते. पण कथा दुसरे टोक पकडते. त्या गावात मूळची पेटी हरवली आहे, पूर्वीचे मंत्रपठण गळून पडले आहे, लाकडाच्या चकत्यांच्या जागी कागद आला आहे. कारण पुसले गेले, कृती तेवढी शाबूत राहिली. रूढी रुजते कशी यापेक्षा ती कारणावाचून कशी टिकते, हा जॅक्सन यांचा विषय आहे. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन सरकारने कथेवर बंदी घातली, तेव्हा जॅक्सन यांना त्याचा अभिमानच वाटला. त्यांना निदान कथा कळली, असे त्या म्हणत, ही गोष्ट त्यांचे पती, समीक्षक स्टॅन्ली एडगर हायमन यांनी नोंदवून ठेवली आहे.

वाचक एवढे का चिडले, याचे उत्तर कथेच्या बांधणीत सापडते. निवेदक कोणाच्याच मनात शिरत नाही. तो वाचकाला गर्दीत, सज्जन माणसांच्या शेजारी उभे करतो. गप्पा ओळखीच्या, माणसे ओळखीची, आणि शेवटच्या काही ओळींत कळते की आपण दगड मारणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत.

चौदा वर्षांनी, 1962 साली, जॅक्सन यांनी वाचकाला त्या रांगेतून उचलले आणि दगड ज्या घरावर पडतात त्या घरात नेऊन बसवले. 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' ही त्यांची शेवटची पूर्ण कादंबरी. ब्लॅकवुड कुटुंबातली चार माणसे सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर, साखरेतल्या आर्सेनिकने मेली आहेत. थोरली कॉन्स्टन्स खटल्यातून निर्दोष सुटली, पण गावाने घर वाळीत टाकले ते टाकलेच. महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मराठी वाचकाला असे घर फोड करून सांगावे लागू नये. धाकटी, अठरा वर्षांची मेरिकॅट, मंगळवारी आणि शुक्रवारी किराणा आणायला गावात जाते. पोरे तिच्यावर रचलेले गाणे म्हणतात, दुकानात ती शिरताच बोलणी थांबतात, आणि ती मनातल्या मनात सोंगट्यांच्या पटावर घरे मोजावीत तशी पावले मोजत घरी परतते.

या कादंबरीवर वाचकांची मते दुभंगलेली असतात, पण 'लॉटरी'सारखी नव्हेत. घटना फारच थोड्या, गूढ लवकर उकलते, अशी काहींची तक्रार असते. ती खोटी नाही. विष कोणी घातले हे चाणाक्ष वाचक अर्ध्यावरच ओळखतो. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी ते इथे सांगणे रास्त नव्हे. विलक्षण गोष्ट अशी, की ते उघड झाल्यावरही बहुतेक वाचक त्या घराची बाजू सोडत नाहीत. चार मृतांसाठी कोणाला हळहळ वाटत नाही. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या दहा उत्तम कादंबऱ्यांत तिला स्थान दिले. गर्दीतून बघताना ज्या वाचकाने लेखिकेला क्रूर ठरवले असते, तोच मेरिकॅटच्या खांद्यावरून बघताना खून पचवतो.

घराला आग लागते तो प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. गावचे आगवाले इमानाने आग विझवतात. काम फत्ते झाल्यावर त्यांचा प्रमुख डोक्यावरची अधिकाराची टोपी काढून नीट बाजूला ठेवतो, दगड उचलतो आणि खिडकी फोडतो. मग सगळे गाव तुटून पडते. काही दिवसांनी तीच माणसे अंधार पडल्यावर दाराशी जेवणाच्या टोपल्या ठेवून जातात. सोबत चिठ्ठ्या, कोणी खुर्ची मोडली म्हणून, कोणी बशा फोडल्या म्हणून. ही माफी खरी की भीतीची, यावर वाचनगटांत तासभर वाद होऊ शकतो, आणि तो व्हावा.

म्हणूनच ज्या वाचनगटांना ही कादंबरी घ्यायची असेल, त्यांनी आधी 'लॉटरी' मोठ्याने वाचावी. मग कादंबरी आगीच्या आदल्या प्रकरणापर्यंत वाचून थांबावे आणि गाव व घर यांबद्दल प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहून ठेवावे. उरलेली वाचून झाली की पुन्हा लिहावे, आणि दोन्ही कागद सर्वांसमोर वाचून दाखवावेत.