मोटारसायकलस्वाराच्या जिवाचा हिशेब



उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर दिवस मावळल्यानंतर एक दृश्य हमखास दिसते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या दिशेने चाललेला असतो. मागे दिवा नसतो. परावर्तक पट्टी लावलेली असलीच तर ती धुळीने माखलेली असते. चाक बसले की चालक ट्रॉली रस्त्यातच सोडतो, मागे दोन दगड ठेवतो आणि मिस्त्री आणावयास निघून जातो. दुसरी पाळी संपवून इचलकरंजीहून गावाकडे निघालेला यंत्रमाग कामगार मोटारसायकलीवरून येतो आणि अंधारात त्या ट्रॉलीवर आदळतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात मथळा येतो : 'दुचाकीची ट्रॉलीला धडक'. वाक्याचा कर्ता दुचाकी. बिनदिव्याची ट्रॉली अंधारात उभी करणारा माणूस त्या वाक्यात कोठेच नाही.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा असता तर तो शाळामास्तरांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु हेच वाक्य पोलिसांच्या प्रथम खबरीत उतरते. जखमी बेशुद्ध असतो, नातेवाईक इस्पितळात रक्ताच्या बाटल्या शोधीत असतात, आणि खबर देणारा बहुधा ट्रॅक्टरमालकाच्या ओळखीतला निघतो. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तीच खबर न्यायाधिकरणापुढे ठेवतो आणि म्हणतो, दोष दुचाकीस्वाराचाच. भरपाईची अर्धी लढाई अशी पहिल्या रात्रीच हरली जाते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होती. २०२३ साली मृतांची संख्या १,७२,८९० झाली. मोटारसायकल हे आता हौसेचे वाहन राहिलेले नाही. जेथे एस.टी. पाळीच्या वेळी येत नाही तेथे कामगाराला ती हप्त्याने घ्यावीच लागते. सार्वजनिक वाहतुकीवर शासनाने जो खर्च केला नाही तो हा माणूस आधी आपल्या पगारातून भरतो आणि मग हाडांतून. तेव्हा त्याच्या अपघाताकडे नशिबाचा फेरा म्हणून पाहणे हे निदान अर्थशास्त्राला तरी मान्य होण्यासारखे नाही.

अपघातानंतर तीन-चार दिवसांत इस्पितळाच्या ओसरीवर एक बोलणी सुरू होते. गावातील कोणी वजनदार गृहस्थ मध्ये पडतात. 'गरीब माणूस आहे, त्याचाही संसार आहे, वीस-पंचवीस हजारांत मिटवून टाका, कोर्टात वर्षे जातील.' यातील शेवटचे विधान खोटे नाही, आणि त्यामुळेच ते परिणामकारक ठरते. मात्र एक गोष्ट सांगितली जात नाही. ज्याचा विमा उतरलेला आहे अशा वाहनाच्या बाबतीत भरपाई त्या गरीब मालकाने द्यावयाचीच नसते. ती विमा कंपनीने द्यावयाची असते. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केलेला आहे तो याच कारणासाठी. मालकाला भीती वाटते ती बहुधा फौजदारी खटल्याची, नाहीतर विम्याची मुदत संपली असल्याची. यांतील खरे कारण कोणते, हे कागदावर सही करण्यापूर्वी पाहिले पाहिजे. रस्त्यावरील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, असे संसदेच्या समितीपुढेच आलेले आहे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघात-दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय झाली. तरीही दुसऱ्याचा दोष सिद्ध केल्यावाचून काही मिळत नसे. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या एका निकालात अशा दाव्यांत तांत्रिक काथ्याकूट करू नये असे बजावले आणि दोषनिरपेक्ष दायित्वाची गरज मांडली. १९८२ साली ते तत्त्व कायद्यात आले : मृत्यूसाठी १५ हजार, कायम अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये. पुढे १९८८ चा नवा कायदा झाला, १९९४ च्या दुरुस्तीने या रकमा ५० हजार आणि २५ हजार झाल्या. रकमा तुटपुंज्या होत्या हे खरेच. पण त्यांचे एक वैशिष्ट्य होते. हे पैसे हाती घेऊनही दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा मार्ग खुला राही. मिळालेली रक्कम अंतिम रकमेतून वजा होई, इतकेच.

२०१९ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु विमा कंपनीच्या तडजोडीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. पूर्वीची रक्कम ही पहिली पायरी होती. आताची रक्कम हा निरोपाचा नारळ आहे. ज्याच्या घरी उद्याच्या रेशनची चिंता आहे तो ५ लाख घेऊन मोकळा होणार आणि ज्याला चार वर्षे थांबणे परवडते तो पूर्ण भरपाई मिळविणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. थांबण्याची ऐपत ही देखील एक मत्ताच आहे, आणि तिची वाटणी इतर मत्तांइतकीच विषम आहे.

तो किती सोडून देतो, याचा हिशेब करून पाहू. कल्पना अशी की मृत कामगार ३२ वर्षांचा आहे, महिना १५ हजार मिळवितो, मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिलेली रीत अशी : वार्षिक उत्पन्न १,८०,०००, चाळिशीच्या आतील, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या भावी उत्पन्नवाढीसाठी त्यात ४० टक्के मिळविले की २,५२,०००, चार अवलंबित असल्याने स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १,८९,०००, आणि ३१ ते ३५ वयासाठी १६ चा गुणक. एकूण ३०,२४,०००. शिवाय अंत्यविधी, सहजीवनाची हानी इत्यादींच्या ठरावीक रकमा. हा माणूस आणखी अठ्ठावीस वर्षे राबला असता, मग गुणक सोळाच का, असे विधवेचा भाऊ विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. अठ्ठावीस वर्षांत येणारे पैसे आजच एकरकमी हाती आले तर त्यावर व्याज मिळते, म्हणून वर्षे कापली जातात. गणित बरोबर आहे. पण ते चालते रक्कम वेळेवर आली आणि नीट गुंतविली गेली तरच.

आता याच हिशेबात एक आकडा बदलू. यंत्रमागाच्या मालकाने पगारपत्रक दिलेले नाही, हजेरीवहीत नाव नाही, बँकेत पगार जमा होत नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ९ हजार धरले. तीच रीत, तेच वय, तीच माणसे, आणि भरपाई येते १८,१४,४००. बारा लाख नऊ हजार सहाशे रुपयांचा फरक केवळ एका कागदाच्या अभावाने पडला. किमान वेतनाचा, हजेरीकार्डाचा, पगार बँकेतून देण्याचा आग्रह कामगार संघटना धरते, तेव्हा 'कागदी मागण्या' म्हणून हिणविणारे पुष्कळ भेटतात. कागदाची किंमत ती एवढी आहे.

जखमीच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि जिवंत राहिलेल्याचे हाल बहुधा अधिक. सरकारी इस्पितळातील मंडळ दाखला देते : पायाचे अपंगत्व ३० टक्के. विमा कंपनी म्हणते, मग उत्पन्नही ३० टक्केच बुडाले. पण आठ तास उभे राहून माग चालविणाऱ्याचा गुडघा वळेनासा झाला तर त्याचे ३० टक्के जातात की सगळेच? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात हा भेद स्पष्ट केला आहे : शरीराचे अपंगत्व वेगळे आणि उपार्जनशक्तीची हानी वेगळी. हात गमावलेला सुतार आणि हात गमावलेला सरकारी कारकून यांचे नुकसान एक नव्हे. २०२० साली, टंकलेखनावर पोट भरणाऱ्या आणि हात गमावलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ४५ टक्के धरलेली हानी सर्वोच्च न्यायालयाने ६५ टक्के केली. तेव्हा डॉक्टरच्या दाखल्याबरोबर त्या माणसाचे काम नेमके काय होते, त्यात शरीराचा कोणता भाग कसा वापरावा लागतो, हे सांगणारा साक्षीदार उभा करणे अगत्याचे असते. बहुतेक दाव्यांत तो उभा केला जात नाही.

मागे बसलेली पत्नी दगावली तर? १९९४ च्या कोष्टकाने बिनकमाईच्या पत्नीची किंमत नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरली होती. न्यायालयांनी २००१, २०१० आणि २०२१ च्या निकालांतून ही दृष्टी पुष्कळ सुधारली. तथापि पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या, दुपारी खुरपायला जाणाऱ्या बाईला दाव्याच्या अर्जात 'गृहिणी' लिहून मोकळे होणारे वकील आजही आहेत.

विमा कंपन्यांचे आक्षेप ठरलेले असतात. परवाना नव्हता, तिघे बसले होते, ट्रॉलीचा वेगळा विमा नाही, शेतीसाठी विमा उतरलेल्या ट्रॅक्टरने भाड्याचा ऊस वाहिला. यांपैकी परवान्यासारख्या अटीचा भंग असला तरी कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, ही वाट २००४ च्या निकालाने मोकळी केली. तिघे बसले होते एवढ्यावरून दोष ठरत नाही, त्यामुळे अपघात घडला हे दाखवावे लागते, असे २०२० साली न्यायालयाने म्हटले. ट्रॉलीचे आणि भाड्याच्या वाहतुकीचे आक्षेप मात्र प्रत्येक वेळी फेटाळले जातातच असे नाही. म्हणून साखर कारखान्याने विम्याची व दिव्यांची तपासणी केल्यावाचून वाहतुकीचा करारच करू नये, ही मागणी सभासदांनी वार्षिक सभेत मांडावयास हवी. लाभांशावर दोन तास बोलणाऱ्या सभेला याला दहा मिनिटे देणे जड जाऊ नये.

मुदतीचा प्रश्न तातडीचा आहे. १९९४ ने काढून टाकलेली दाव्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली : अपघातापासून सहा महिने. मांडीत सळई घातलेला माणूस सहा महिन्यांत धड उभाही राहिलेला नसतो, अपंगत्वाचा दाखला दूरच. या तरतुदीला आव्हान दिले गेले असून, मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. पण अंतरिम आदेश तो अंतरिमच. त्यावर विसंबून दावा लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात-अहवाल न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा असतो. तो धाडला की नाही, हे विचारावयास कोणी जात नाही. आणि धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर? मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज तहसील वा प्रांत कार्यालयाकडे करावयाचा. ही गोष्ट तालुक्याच्या गावीही फार थोड्यांना ठाऊक असते.

वकिलांविषयी एक शब्द. रकमेच्या अमुक टक्के फी ठरविणे वकिलांच्या आचारसंहितेला मान्य नाही. अपघातात पती गमावलेल्या एका स्त्रीकडून अशा टक्केवारीपोटी घेतलेल्या धनादेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने असा करार बेकायदेशीर ठरविला. तरीही इस्पितळाच्या दारात टक्केवारी ठरतेच, कारण आगाऊ फी देण्याची ऐपत नसणाऱ्याला दुसरा वकील मिळत नाही. मोफत विधी-साहाय्याची योजना जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे; तिची पाटीही आहे.

हे सारे याहून सोपे होऊ शकत नाही काय? न्यूझीलंडमध्ये १९६७ साली न्यायमूर्ती ओवेन वुडहाऊस यांच्या आयोगाने सांगितले की, दोष कोणाचा हे शोधण्यात पैसा आणि काळ दवडण्यापेक्षा समाजानेच जखमीची जबाबदारी घ्यावी. १९७२ ला कायदा झाला, १९७४ पासून अंमल सुरू झाला. मालकांवरील, वाहनांवरील आणि पेट्रोलवरील आकारणीतून निधी उभा राहतो. जखमीला उपचार मिळतात आणि काम सुटले तर वेतनाच्या ८० टक्के रक्कम दर आठवड्याला मिळते. त्याच्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क सोडावा लागला. दाव्याची धास्ती गेली तर बेपर्वाई वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. आपल्याकडे भरपाई विमा कंपनीच देते. ट्रॅक्टरमालकाला दाव्याची धास्ती आजही नाही.

आपल्या देशाला ही संधी एकदा आली होती. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे चार सरकारी कंपन्यांत एकत्रीकरण झाले आणि सर्वसाधारण विम्याचा सगळा धंदा शासनाच्या हाती आला. त्या वेळी दोषनिरपेक्ष, निधीवर आधारलेली योजना आणण्यास अडचण अशी नव्हती. झाले असे की, राष्ट्रीयीकृत कंपन्याही विधवांशी खाजगी कंपन्यांइतक्याच चिकाटीने वरच्या न्यायालयांपर्यंत भांडल्या. मालकी बदलली, हिशेबाची पद्धत बदलली नाही. २००० नंतर खाजगी कंपन्या परतल्या तेव्हा त्यांना काही नवे शिकावे लागले नाही.

शेवटी एक काम कार्यकर्त्यांनी लगेच हाती घेण्यासारखे आहे. न्यायाधिकरणांत जमा झालेली, निकाल लागलेली, पण दावेदार न आल्याने पडून राहिलेली भरपाई एवढी मोठी आहे की सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्वतःहून दखल घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये दावेदारांचा शोध घेण्याविषयी आदेश दिले. ही माणसे कोठे गेली? कोणी ऊसतोडीला गेले, कोणी माहेरी, कोणी मुंबईला. वकिलाने कळविले नाही, पत्ता जुना होता. आपापल्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात जाऊन अशा प्रकरणांची यादी मागावी, आणि यादीतील गावे वाटून घेऊन त्या घरांपर्यंत पोहोचावे.