हिरवळीचा हिशेब

मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलं. तिथं मुख्य इमारतीसमोर एकरभर हिरवळ होती. तिच्यावर पाय ठेवायला मनाई. पाहुण्यांचे फोटो तिच्या काठावर निघायचे आणि मुलींच्या वसतिगृहात उन्हाळ्यात नळ तासभर यायचा.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळीतून रोज ५ मिलिमीटर तरी उडून जातं. म्हणजे एकराला २० हजार लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर रोज तेराशेच्या वर हंडे! पहिल्या गाडीनं आणलेलं सुमारे ५ लाख लिटर पाणी ही हिरवळ २५ दिवसांत पिऊन टाकेल. मुलांनी आकडे उतरवून घेतले. मुली हंड्यापाशीच थांबल्या होत्या.

अर्जविनंत्या झाल्या, हिरवळ काढायचं ठरलं. आम्ही खूश! दुसऱ्याच आठवड्यात कळलं की, पाणी घालणाऱ्या सहा बायांना कंत्राटदारानं 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलंय. खरं सांगते, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. माझ्या हिशेबात हंडे होते, त्यांची रोजी नव्हती.

त्या भेटायला आल्या. एक म्हणाली, "बाई, गवत गेलं म्हणून काम कसं जाईल? आळी कोण करणार? पाचोळा कोण पसरणार?" तिचं बरोबर होतं. कमी पाण्याच्या बागेला हात जास्तच लागतात. उताराला आडवे चर खणायचे. रोपं पावसाच्या तोंडाशी लावायची आणि पहिले दोन-तीन उन्हाळे जपायची. बुंध्याला न टेकवता पाचोळ्याचा जाड थर द्यायचा. हाच पाचोळा आम्ही इतकी वर्षं झाडून जाळत होतो. माझ्या यादीतली शोभेची झाडं त्यांनी खोडून टाकायला लावली. कडुनिंब, आपटा, बहावा राहिले, मोकळ्या जागेला पवन्या गवत. उन्हाळ्यात ते वाळतं, पण मरत नाही. पाहुण्यांना ते पिवळं दिसतं, दिसू दे.

सह्या-अंगठ्यांचं निवेदन घेऊन आम्ही तीनदा कचेरीत गेलो. वाचलेलं पाणी वसतिगृहाला द्या, हे कलमही त्यात होतं. ते फायलीतच राहिलं. चौघींना परत घेतलं. उरलेल्या दोघींपैकी एक त्याच वर्षी ऊसतोडीला गेली. दुसरी कुठं गेली, ते तिच्या सोबतिणींनाही माहीत नाही.