कोडमधल्या मोकळ्या जागा



सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम संगणकाला दिला, की त्यातल्या ओळी कुठे तोडल्या आहेत, कोणती ओळ किती आत सरकवली आहे, याकडे कंपायलर जवळजवळ बघतच नाही. त्याला शब्द, कंस आणि अर्धविराम मिळाले की पुरे. ओळींची मांडणी असते ती माणसासाठी. आणि कोड लिहिला जातो एकदा, वाचला जातो अनेकदा. सहा महिन्यांनी कोणी दुसराच माणूस तो उघडतो आणि डाव्या समासाच्या पायऱ्या बघत अर्थ लावत जातो. ही मांडणी खोटी असली तर काय होतं, याचं एक उदाहरण मी जरा सावकाश सांगणार आहे.

21 फेब्रुवारी 2014 रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस 7.0.6 ही तातडीची दुरुस्ती दिली. आपण बँकेच्या किंवा मेलच्या साइटवर जातो तेव्हा समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे ना, हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासलं जातं. ही सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये चूक होती. तिथे एकाखाली एक तपासण्या लिहिल्या होत्या आणि सगळ्यांचा साचा एकच: वरच्या ओळीत ‘चूक आली तर’ आणि खालच्या ओळीत, थोडं आत, ‘गोटू फेल’. म्हणजे बाकीचं सोडा आणि शेवटच्या आवराआवरीला लागा. एका ठिकाणी ही ‘गोटू फेल’ ओळ दोनदा पडली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की दोन्ही त्या अटीच्या पोटातच आहेत. पण सी भाषेत महिरपी कंस घातले नाहीत तर अटीचा अंमल लगेचच्या एकाच विधानावर चालतो. दुसरी ओळ बिनशर्त झाली. चूक आलेली असो वा नसो, उडी ठरलेली. तोवर काहीच बिघडलेलं नसल्यामुळे चुकीचा आकडा शून्य, आणि शून्याचा अर्थ ‘सगळं ठीक’. सही तपासण्याची खरी पायरी खालीच राहिली आणि फंक्शनने होकार देऊन टाकला. वाटेत बसलेल्या कोणालाही खोटा सर्व्हर उभा करता आला असता, आणि फोनने तो खरा मानला असता.

कोडची मांडणी आपोआप लावणारं क्लँग-फॉरमॅटसारखं साधन त्या फाइलवरून फिरवलं असतं तर? त्याने ती ओळ काढली नसती, ते त्याचं कामच नाही. त्याने ती दुसरी ‘गोटू फेल’ अटीच्या पोटातून बाहेर काढून डावीकडे, अटीच्या रांगेत आणून ठेवली असती. मग ती कोणाच्या नजरेस पडली असतीच, अशी ग्वाही मी देणार नाही. पण मांडणी खरं बोलली असती, एवढं नक्की. पुढे 2016मध्ये आलेल्या जीसीसी 6 या कंपायलरने फसव्या मांडणीबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली.

मांडणी हाताने सांभाळायची नाही, ती एका आज्ञेवर सोपवायची, हा विचार नवा नाही. युनिक्सवरचा ‘इंडेंट’ हा प्रोग्राम 1976 साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला गेला. सी भाषेचं कर्निहन आणि रिची यांचं पुस्तक आलं 1978मध्ये, म्हणजे पुस्तकाच्याही आधी हे साधन होतं. पण इंडेंटला ढीगभर पर्याय होते. महिरपी कंस त्याच ओळीत हवा की खालच्या, दोन घरं आत की आठ, सगळं ज्याने त्याने ठरवायचं. त्यामुळे भांडण मिटलं नाही, ते पर्यायांच्या यादीत जाऊन बसलं. आजही लिनक्स कर्नलमध्ये आठ घरांचा टॅब चालतो, ग्नू मंडळींची पायरी दोन घरांची, पायथनच्या शैलीपत्रकात चार स्पेस. प्रत्येकाकडे सांगण्यासारखी कारणं आहेत, आणि मला यातल्या कोणत्याही एकाचा कैवार घ्यायचा नाही.

मांडणीची ही साधनं आतून कशी चालतात, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरच त्यांच्यावरचा विश्वास उभा आहे. आजची चांगली साधनं कंपायलरसारखाच कोड वाचतात, व्याकरणानुसार त्याचं झाड करतात, तुम्ही घातलेल्या बहुतेक मोकळ्या जागा फेकून देतात आणि त्या झाडावरून मजकूर नव्याने छापतात. छापताना प्रश्न एकच: हा तुकडा एका ओळीत मावतो का? मावला तर सलग लिहायचा, नाही मावला तर ठरलेल्या जागी तोडून आतल्या तुकड्यांना तोच प्रश्न विचारायचा. ही रीत डेरेक ओपेन यांनी 1980च्या निबंधात नीट मांडली, फिलिप वॉडलर यांनी ती आणखी सुटसुटीत केली, आणि जेम्स लाँग यांनी 2017मध्ये जावास्क्रिप्टसाठी आणलेलं ‘प्रिटियर’ वॉडलर यांच्याच कामावर उभं राहिलं. पायथनचं ‘ब्लॅक’ आणखी एक पाऊल पुढे जातं. नवी मांडणी झाल्यावर ते जुन्या आणि नव्या मजकुराची झाडं ताडून बघतं, आणि अर्थामध्ये फरक दिसला तर फाइलला हात लावत नाही.

माझ्या मते खरी कलाटणी दिली ती गो भाषेने. नोव्हेंबर 2009मध्ये गुगलने ही भाषा सर्वांसाठी खुली केली तेव्हाच तिच्यासोबत रॉबर्ट ग्रीसेमर यांनी लिहिलेलं ‘गोफम्ट’ होतं. त्यात शैली निवडायची सोयच ठेवलेली नाही. पायरी टॅबचीच, कंस त्याच ओळीत. आवडलं नाही तरी हेच. सुरुवातीला हा हट्ट वाटतो, पण परिणाम बघा. गोमधला बहुतेक कोड, मग तो कोणी आणि कुठेही लिहिलेला असो, एका हातचा वाटतो. आणखी एक लाभ झाला. 2012मध्ये गोची पहिली पक्की आवृत्ती येईपर्यंत भाषा सतत बदलत होती, आणि जुने प्रोग्राम नव्या नियमांत बसवायला ‘गोफिक्स’ नावाचं यंत्र होतं. यंत्राने बदललेला कोड शेवटी त्याच ठरलेल्या मांडणीत छापला जायचा, त्यामुळे माणसाला तपासायला उरायचा तो फक्त खरा बदल.

टॅबबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टॅब किती रुंद दिसावा हे वाचणारा आपल्या पडद्यावर ठरवू शकतो. कमी दिसणाऱ्याला अक्षरं खूप मोठी करावी लागतात, त्याला अरुंद टॅब सोयीचा. ब्रेल पट्टीवर वाचणाऱ्याला चार स्पेस म्हणजे चार घरं वाया, टॅब म्हणजे एक. आवडीनिवडीच्या भांडणात या वाचकांची आठवण फार थोड्यांना होते.

आता रोजच्या कामाकडे येऊ. गोमध्ये ‘गोफम्ट डॅश एल’ असं टाइप केलं की ज्या फाइलींची मांडणी बिघडली आहे त्यांची फक्त नावं येतात. ‘डॅश डी’ दिलं तर काय बदलेल ते दिसतं. ‘डॅश डब्ल्यू’ दिलं की फाइल खरोखर बदलून लिहिली जाते. ब्लॅकमध्ये ‘डॅश डॅश चेक’ दिलं की ते काहीच न बदलता फक्त तपासतं, आणि मांडणी चुकलेली असेल तर अपयशाचा आकडा परत देतं. हा आकडा महत्त्वाचा. कोड मुख्य शाखेत घेण्याआधी सर्व्हरवर हीच आज्ञा चालवली, की बिघडलेली मांडणी आपोआप दारातच अडते. कोणी कोणाला टोकायची गरज राहत नाही.

या टोकण्याबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगतो. नुकता कामाला लागलेला मुलगा किंवा मुलगी आपला पहिला कोड तपासायला देते. तिने दोन दिवस डोकं खपवून एक अवघड गाठ सोडवलेली असते. परत काय येतं? ‘इथे स्पेस राहिली’, ‘हा कंस खाली घे’, ‘ही ओळ लांब झाली’. वीस शेरे, आणि त्या गाठीबद्दल एकही नाही. तपासणाऱ्यालाही दोष देता येत नाही. दिसतं ते आधी दिसतं, आणि लक्ष तिथेच खर्च होतं. हे शेरे यंत्राने दारातच संपवले, तर ज्येष्ठाला हे नाव समर्पक आहे का, ही अट उलटी तर पडली नाही ना, नेटवर्क तुटलं तर पुढे काय, असे प्रश्न विचारावेच लागतात. नव्या मुलांना शिकवतात ते हेच प्रश्न. म्हणून गटाने साधन निवडावं, त्याच्या मूळ सेटिंगला शक्यतो हात लावू नये, आणि कामाच्या पहिल्या दिवशीच ते बसवावं.

जुन्या, लाखो ओळींच्या कोडला हे लावायचं तर मात्र थोडी शिस्त लागते. बदल करता करता मांडणीही सुधारू, असं कधीही करू नका. एका ओळीची दुरुस्ती चारशे ओळींच्या हलवाहलवीत हरवते आणि तपासणारा हात टेकतो. मांडणीचा बदल पूर्ण वेगळा ठेवा, त्यात दुसरं काहीही नको. मोझिलाने 2018च्या अखेरीस फायरफॉक्सचा सी आणि सी प्लस प्लस कोड क्लँग-फॉरमॅटने एकदम नव्या मांडणीत नेला. अशा मोठ्या बदलानंतर ‘ही ओळ कोणी लिहिली’ असं बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं, तर हललेल्या प्रत्येक ओळीवर मांडणी करणाऱ्याचंच नाव येतं. त्यावर 2019मधल्या गिट 2.23ने उपाय दिला. दुर्लक्ष करायच्या बदलांचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे, मग गिट ते ओलांडून मूळ लेखकापर्यंत जातं.

या साधनांना कळत नाही असंही बरंच आहे. गणितातलं एखादं मॅट्रिक्स कोणी ओळी-रकान्यांत सुबक लावलेलं असतं, यंत्र ते विस्कटतं. अशा जागी क्लँग-फॉरमॅट आणि ब्लॅक दोन्हीमध्ये टिपणी घालून ते तेवढ्यापुरतं बंद ठेवता येतं. ही सोय खुशाल वापरावी, पण मोजक्या ठिकाणी.

आणि एक अडचण खास आपली, मराठीत टिपणं लिहिणाऱ्यांची. गोफम्ट लागोपाठच्या ओळींच्या शेवटी असलेल्या टिपा एका उभ्या रेषेत आणतं. त्यासाठी ते अक्षरं मोजतं, आणि युनिकोडचं प्रत्येक चिन्ह सारख्याच रुंदीचं धरतं. इंग्रजीत ते चालून जातं. आता ‘किंमत’ हा शब्द घ्या. आपण म्हणू अक्षरं तीन. युनिकोडमध्ये मात्र क, वेलांटी, अनुस्वार, म आणि त अशी पाच चिन्हं होतात. टिपेच्या आधी अवतरणांत ‘किंमत’ आणि खालच्या ओळीत ‘वजन’ असेल, तर यंत्राच्या हिशेबाने रेष बरोबर लागते आणि पडद्यावर ती वाकडी दिसते. ज्या पॅकेजवर हे काम चालतं त्याच्या कागदपत्रांत, जोडचिन्हं असतील तर रुंदीचा अंदाज चुकू शकतो, असं स्पष्ट लिहिलेलंही आहे. म्हणून मराठीत लिहायचं थांबवू नका. शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचा किंवा सहकारी पतपेढीच्या व्याजाचा नियम कोडमध्ये समजावून सांगायला मराठी टिपणासारखं दुसरं काही नाही. फक्त ते टिपण ओळीच्या शेवटी न ठेवता, ज्या ओळीबद्दल आहे तिच्या वर, स्वतंत्र ओळीत लिहा. तिथे गोफम्टला शेजारच्या मजकुराशी काही जुळवायचं नसतं, आणि वाचणाऱ्याला कोडच्या आधी त्याचं कारण मिळतं.