राजाचा तराफा आणि भाताचं बियाणं

आम्ही काळाचौकीच्या चाळीतल्या बायका. आमची बिऱ्हाडं गिरणगावात, पण आमच्यातल्या बऱ्याच जणींचं सासर-माहेर कोकणात, भातशेतीचं.

2025 च्या अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक निघाली, ती दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीला पोचली आणि तिथेच अडली. आम्ही टीव्हीसमोरून हललो नाही. समुद्राला भरती. गाडा वाळूवर टेकलेला, तराफा लाटांवर वरखाली होणारा. मूर्ती एकावरून दुसऱ्यावर न्यायची कशी? संध्याकाळी, पाणी ओसरल्यावर, मूर्ती तराफ्यावर चढली. पण आता तराफा तरंगायला पाणी हवं! म्हणून पुन्हा भरतीची वाट. विसर्जन झालं रात्री नऊच्या सुमाराला.

त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. मग काय, जिन्यात कुणी म्हणे राजा रुसला, कुणी म्हणे ग्रहणाचा फेरा. आमच्या ओळखीच्या कोळीण मावशी हसल्या. म्हणाल्या, "पुनवेला उधाण यायचंच." त्यांचा हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची साधारण वेळ निघते. पुनव म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणखी सहा तासांनी परत भरती. अनंत चतुर्दशी पुनवेच्या तोंडावरच येते, म्हणजे उधाण दरवर्षी जवळच असतं. यात रुसवा कुठे आला?

आता तराफ्याचं. जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, असं आपण म्हणतो. मग लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाचीच कढई टबात ठेवली तर तरंगते, ती कशी? कढई पोकळ, म्हणून ती पुष्कळ पाणी बाजूला सारते. जेवढं पाणी सारलं, त्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला खालून वर लावतं. हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आर्किमिडीज नावाच्या ग्रीक माणसाने सांगितलं. विहिरीवर हे तुम्ही रोज अनुभवता. भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी, पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते. तराफ्यालाही स्वतःच्या आणि मूर्तीच्या वजनाइतकं पाणी सारावं लागतं. तेवढी खोली नसेल तर तो वाळूवर बसून राहतो.

मीठ घातलं की पाण्याचा जोर वाढतो. एक लिटर समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण 25 ग्रॅम जड असतं. साध्या पाण्यात बुडलेलं ताजं अंडं मीठ ढवळत गेलं की वर येतं, मुलांना जरूर दाखवा.

आणि हेच पेरणीला उपयोगी पडतं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भाताचं बियाणं ओतून ढवळायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरलेलं बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. धुण्यात आळस नको, मीठ राहिलं तर उगवण बिघडते. आमच्यातल्या एकीने गावी हे केलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरचं बियाणं, त्याला कसली परीक्षा?" घमेल्यात वर आलेला थर पाहिला आणि त्यांनी स्वतःच सूप पुढे केलं, पोचट काढायला.