कबुलीवाचून समेट

आधी स्वतःचं मन शांत करा, मग दुसऱ्यांची भांडणं मिटवायला जा, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. हा क्रम मला मान्य नाही. ऑगस्ट 1947 मधलं कलकत्ता पाहा. बेलियाघाटातल्या हैदरी मंझिल या मोडकळीला आलेल्या घरात गांधीजी उतरले, ते शांत मनानं नव्हे. नको असलेली फाळणी पदरात पडली होती. 15 ऑगस्टचा दिवस त्यांनी उपास करून, सूत कातून काढला. सोबतीला होते सुऱ्हावर्दी. 1946 च्या कलकत्त्यातल्या कत्तलीच्या वेळी बंगालचं सरकार यांच्याच हाती होतं. 14 तारखेच्या संध्याकाळी चिडलेला जमाव घरासमोर आला. खिडकी उघडली गेली. गेल्या वर्षीच्या कत्तलीला जबाबदार कोण, असा सवाल झाला. सुऱ्हावर्दी आधी म्हणाले, आपण सगळेच. सवाल पुन्हा आला, तेव्हा मात्र जबाबदारी आपली होती, हे त्यांनी कबूल केलं. जमावाचा नूर पालटला तो या दुसऱ्या उत्तरानं. सगळेच दोषी म्हटलं की दोषी कुणीच उरत नाही, आणि भावकीच्या बैठकीत ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणणारे वडीलधारे नेमकी हीच पळवाट काढून देतात. आपला वाटा उचलल्यावर मन निवतं. आधी निववून ठेवता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, ती कबुली टिकली कुठे? 31 ऑगस्टला पुन्हा दंगल पेटलीच. खरं आहे. नुसत्या गहिवरावर समेट तगत नाही, त्याला हमी लागते. गांधीजींनी 1 सप्टेंबरला सुरू केलेला उपास 4 तारखेला सुटला तो लेखी हमीवर. तिच्यावर सुऱ्हावर्दींची सही होती, शरच्चंद्र बोसांची होती आणि हिंदू महासभेच्या चटर्जींचीही. जानेवारी 1948 मधल्या दिल्लीतल्या उपासाच्या अटी तर आणखी रोखठोक होत्या: बळकावलेल्या मशिदी परत करा, मेहरौलीचा उरूस भरू द्या.

उपास म्हणजे दडपणच, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 1932 च्या पुणे कराराच्या वेळच्या गांधीजींच्या उपासाबाबत आंबेडकरांनी तो घेतला, आणि माझ्या मते रास्त घेतला. तेव्हा दडपणाचा भार दुबळ्या बाजूवर पडला होता. दिल्लीत तो बहुसंख्यांवर, म्हणजे ज्यांच्या हाती बळ होतं त्यांच्यावर पडला. मध्यस्थानं हा फरक ओळखलाच पाहिजे.

27 जानेवारीला मेहरौलीचा उरूस भरला, गांधीजी स्वतः तिथे गेले. तीन दिवसांनी त्यांचा खून झाला. मारेकरी पुण्याचा होता, आणि त्यानंतर महाराष्ट्रात ज्यांची घरं जाळली गेली त्यांतल्या बहुतेकांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता. या दोन्हींबद्दल आपण आजही मोकळेपणानं बोलत नाही.